विनोद पडल्यानंतर

मैफिली, पुस्तक प्रकाशनं, सोसायटीचा गणेशोत्सव अशा ठिकाणी हौसेने निवेदन करणाऱ्यांना एक भीती कायमची असते. आपण खुसखुशीत म्हणून एखादं वाक्य टाकावं आणि समोरून काहीच येऊ नये. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे मोबाइल काढतात, मागे कुणीतरी खोकतं, तबलजी उगाचच हातोडी उचलतात. पुढच्या दोन सेकंदांचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही. बहुतेक निवेदक घाईघाईने पुढचं वाक्य गाठतात. काही जण तोच विनोद समजावून सांगायला घेतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

त्या दोन सेकंदांवर जॉनी कार्सनने तीस वर्षं राज्य केलं.

नाव ऐकलं नसेल तर थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२ एवढा काळ तो अमेरिकेत एनबीसी वाहिनीवरच्या 'द टुनाइट शो'चा सूत्रधार होता. स्थानिक बातम्या आटोपल्या की रात्री साडेअकराला तो रंगीत पडद्याआडून यायचा. आधी एड मॅकमहॉन या जोडीदाराची लांबलचक ललकारी, मग दिवसभराच्या घडामोडींवर उभ्याने केलेले विनोद, मग टेबल, सोफा, पाहुणे आणि बँड. हा सरंजाम काही त्याने शोधला नव्हता. स्टीव्ह ॲलन आणि जॅक पार यांनी तो आधीच मांडून ठेवला होता. पण कार्सन त्यात असा काही मुरला, की नंतर आलेल्या प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच झाली. आपल्याकडे १९९७ मध्ये शेखर सुमनने सोनीवर 'मूव्हर्स अँड शेकर्स' सुरू केला, तेव्हा हे उभं राहून बोलणं, बँडवाल्याशी थट्टामस्करी, टेबलामागची खुर्ची सगळं एकदम आपल्या दिवाणखान्यात आलं. तोवर कार्सनला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती.

मी त्याला पाहिलं ते यूट्यूबवर, तुकड्यातुकड्यांत, घरातले सगळे झोपल्यावर. खरं सांगायचं तर निम्मे विनोद कळत नाहीत. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या भोवतालचं कुणीतरी, लॉस एंजेलिसचा तेव्हाचा महापौर, केव्हाच बंद पडलेल्या कुठल्याशा वस्तूची जाहिरात. पन्नास वर्षांपूर्वीचं परक्या गावचं वर्तमानपत्र हातात घेतल्यासारखं वाटतं. तरी व्हिडिओ बंद करवत नाही. हळूहळू लक्षात आलं की मी विनोद ऐकतच नाहीये. विनोद संपल्यावर हा माणूस काय करतो ते बघत बसलोय.

विनोद चालला तर तो साधा असायचा. हसू येऊ द्यायचा आणि पुढे सरकायचा. पडला की खरी मजा. भुवया वर जायच्या, हात टायच्या गाठीकडे. मान किंचित वळवून एडकडे एक कटाक्ष, जणू त्यानेच हे लिहून दिलं. कधी माइकवर टकटक, चालू आहे ना म्हणून. फारच वाईट गत झाली तर बँड एका जुन्या, गोड गाण्याची धून धरायचा आणि कार्सन तिथल्या तिथे, दुकान आवरल्याच्या थाटात, पाय घासत नाचायला लागायचा. त्या नाचाला जो हशा मिळे, तो चांगल्या विनोदाला कधी मिळाला नसता. त्याचं आणखी एक सोंग होतं, कार्नॅक नावाचा अंतर्ज्ञानी. भला थोरला फेटा, अंगावर झूल. बंद लिफाफा कपाळाला लावून तो आधी उत्तर सांगायचा आणि मग लिफाफा फोडून आतला प्रश्न वाचायचा. लोक हसले नाहीत तर हा महापुरुष प्रेक्षकांनाच शाप द्यायचा, उंट आणि याक यांच्या उपद्रवाचे अचाट शाप. लोक शापांची वाट बघत बसायचे. काही रद्दी विनोद तो मुद्दाम यादीत राहू देत असणार, अशी मला दाट शंका आहे.

हे त्याने मिळवलं कुठून? जन्म १९२५ चा, आयोवातल्या कॉर्निंगचा. वाढला नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये. मक्याची शेतं, कमी बोलणारी माणसं, वडील वीज कंपनीत. आई मुलाचं तोंडभर कौतुक करणाऱ्यातली नव्हती, असं त्याच्यावर लिहिणारे बहुतेक सगळे सांगतात. बारा वर्षांचा असताना मित्राच्या घरी जादूच्या प्रयोगांचं पुस्तक हाती लागलं. चौदाव्या वर्षी 'द ग्रेट कार्सोनी' या नावाने गावच्या रोटरी क्लबात पहिला प्रयोग, बिदागी तीन डॉलर. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, तेव्हा नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी विचारलं, पुढेही नौदलातच राहायचंय का? हा म्हणाला, मला जादूगार व्हायचंय. आणि लगेच पत्त्यांचा एक प्रयोग करून दाखवला.

चरित्रकार या जादूच्या प्रकरणाला बालपणीची गंमत म्हणून दोन ओळीत उरकतात. मला त्यातच सगळं दिसतं. जादूगाराला हात कसा चालवायचा हे जितकं कळावं लागतं, तितकंच कधी थांबायचं हेही. पत्ता उलटल्यावर क्षणभर गप्प राहिलं नाही तर समोरच्याला चकित व्हायला सवडच मिळत नाही.

दुसरा गुरू रेडिओचा विनोदवीर जॅक बेनी. १९४९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून पदवी घेताना कार्सनने विनोद कसा लिहितात या विषयावर प्रबंध सादर केला, आणि तोही टेपवर: रेडिओवरच्या विनोदवीरांचे तुकडे जोडून, मधे स्वतःचं विवेचन घालून. बेनी त्याचं दैवत. बेनीचं सोंग कंजूष माणसाचं. १९४८ मधल्या त्याच्या एका प्रसिद्ध प्रवेशात वाटमारी करणारा धमकावतो, 'पैसे देतोस की जीव?' आणि बेनी गप्प. नुसता गप्प, रेडिओवर, जिथे आवाज थांबला की लोकांना संच बिघडल्याची शंका यायची! हशा वाढतच जातो. शेवटी चोर पुन्हा खडसावतो, तेव्हा बेनी करवादतो, 'विचार करतोय ना!' कार्सनने हे नुसतं ऐकलं नाही, कात्री लावून तपासलं; अशा जातीचा तो विद्यार्थी होता.

सुरुवातीची वर्षं सगळ्यांच्या जातात तशीच गेली. ओमाहातल्या स्थानिक केंद्रावर त्याने कोर्टाच्या इमारतीवरच्या पारव्यांच्या मुलाखती घेतल्या, तिथे बसून त्यांनी खालचा काय काय भ्रष्टाचार पाहिला याबद्दल. (आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या पारव्यांना बोलतं केलं तर एक वाहिनी चोवीस तास चालेल.) मग लॉस एंजेलिस, तिथे रेड स्केल्टन या टीव्हीवरच्या विनोदवीरासाठी लेखन. १९५४ मध्ये स्केल्टन तालमीत तुटणाऱ्या दारावर धडकला. दार तुटलंच नाही आणि तो जायबंदी झाला. कार्यक्रम थेट प्रसारणाचा. तासाभरात कार्सनला उभं केलं. त्या जोरावर सीबीएस वाहिनीने त्याला स्वतःचा कार्यक्रम दिला, तो १९५६ पर्यंत गुंडाळलाही. पुढची पाच वर्षं प्रश्नमंजूषेचा सूत्रसंचालक. तिथेच एड भेटला. 'टुनाइट'साठी विचारणा झाली तेव्हा त्याने आधी नाही म्हटलं. रोज रात्री एवढा वेळ भरायचा म्हणजे काय, याची धास्ती त्याला होती, आणि ती योग्यच होती.

पहिल्या दहा वर्षांतलं बहुतेक काम आज उरलेलं नाही. टेप महाग होत्या, एनबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. १९७२ मध्ये कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातल्या बर्बँकला हलला. त्यानंतरचं बरंचसं वाचलं आणि कॅन्ससमधल्या मिठाच्या खाणीत, जमिनीखालच्या कोरड्या हवेत जपून ठेवलं गेलं. न्यूयॉर्कच्या काळातले जे थोडे तुकडे वाचले, त्यातला एक १९६५ च्या एप्रिलमधला आहे, आणि मी तो किती वेळा पाहिला असेल याची मोजदाद नाही.

एड एम्स हा गायक-नट तेव्हा एका मालिकेत आदिवासी योद्ध्याचं काम करायचा. त्याला कुऱ्हाड फेकून दाखवायची होती. समोर लाकडी फळी, तिच्यावर माणसाची बाह्याकृती रेखलेली. एम्सने कुऱ्हाड फेकली, ती बरोब्बर त्या माणसाच्या दोन मांड्यांच्या मधे रुतली, दांडा वरच्या दिशेला. स्टुडिओ कोसळला. एम्स बिचारा लाजून कुऱ्हाड काढायला निघाला. आणि इथे बघा: कार्सनने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. बोलला काही नाही. फळी तशीच दिसत राहिली, हशाची लाट उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरायला लागली. आता ओसरणार इतक्यात तो म्हणाला, 'तू ज्यू आहेस हे मला ठाऊकच नव्हतं.' रोख सुंतेवर होता. एम्स खरोखरच ज्यू होता, हा वरचा भाग. त्या कार्यक्रमाच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला हशा तोच, असं म्हणतात. दुसरा कुणी असता तर पहिल्याच सेकंदाला काहीतरी बोलून मोकळा झाला असता. मीही.

त्याचं गप्प बसणं नेहमीच हसवण्यासाठी असे असं नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये मनाच्या शक्तीने चमचे वाकवण्याचा दावा करणारा उरी गेलर पाहुणा म्हणून आला. कार्सन स्वतः जादूगार, त्यामुळे त्याला संशय होताच. त्याच्या माणसांनी जेम्स रँडी या, भोंदूगिरी उघडी पाडणाऱ्या जादूगाराचा सल्ला घेतला: वस्तू तुमच्याच ठेवा आणि गेलरच्या माणसांना त्यांच्याजवळ फिरकू देऊ नका. आपल्याकडे चमत्काराला आव्हान म्हटलं की व्यासपीठ, घोषणा, पोलीस बंदोबस्त. कार्सनने यातलं काही केलं नाही. त्याने सामान समोर मांडलं, सिगरेट पेटवली आणि अदबीने वाट बघत बसला. गेलर म्हणाला, आज मला शक्ती जाणवत नाहीये. कार्सन थांबला. वीसेक मिनिटं हे चाललं. अपमानाचा एक शब्द नाही. गंमत अशी की गेलरचं त्यात काही बिघडलं नाही. दुसऱ्या वाहिन्यांची बोलावणी आली आणि तो आणखी प्रसिद्ध झाला. अपयश आलं म्हणजे माणूस खरा असणार, असा तर्क लोकांनी केला. श्रद्धेपुढे वीस मिनिटांची शांतताही थिटी पडते.

त्याच वर्षी डिसेंबरात उलटं घडलं. तेलटंचाईचे दिवस. विस्कॉन्सिनच्या एका खासदाराने सरकारी कचेऱ्यांत टॉयलेट पेपर कमी पडण्याची शक्यता बोलून दाखवली होती. कार्सनने त्यावर विनोद केला की देशात आता टॉयलेट पेपरचीही टंचाई आहे. दुसऱ्या दिवशी दुकानांतली फडताळं रिकामी झाली आणि मग टंचाई खरीच आली. त्याला नंतर खुलासा करावा लागला. २०२० मध्ये जगभर तेच दृश्य पाहिलेल्या आपल्याला हे नवीन वाटणार नाही. पण तेव्हा एका माणसाने झोपण्यापूर्वी केलेल्या थट्टेचं वजन केवढं होतं, ते यातून कळतं. ते त्यालाही कळत असावं. १९७९ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्हीवरच्या वार्तापत्रात पत्रकार माइक वॉलेसने छेडलं, की गंभीर प्रश्नांवर भूमिका का घेत नाही? त्याचं म्हणणं साधारण असं, की विनोदी माणसाने आपल्या व्यासपीठाचा तसा वापर करू नये, कारण मग आपण फार महत्त्वाचे आहोत असं त्याला वाटायला लागतं. आजचे रात्रीचे सूत्रधार नेमकं उलटं करतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, काळ वेगळा आहे. पण निक्सनचे समर्थक आणि विरोधक एकाच विनोदाला हसायचे, ही गोष्ट आज दंतकथेसारखी वाटते.

नव्या विनोदवीरांच्या बाबतीत तर त्याला शब्दांची गरजच नसे. पाच-सहा मिनिटं मिळायची. संपल्यावर कार्सनने दुरून अंगठा-तर्जनी जोडून दाखवली तर छान. आणि हाताने सोफ्याकडे बोलावलं तर दुसऱ्या दिवसापासून आयुष्य वेगळं. एलन डीजेनेरेसला १९८६ मध्ये तसं बोलावणं आलं. पहिल्याच खेपेला सोफ्यावर बसलेली ती पहिली विनोदी कलावती. तोवर पहिलीच, हेही लक्षात ठेवायला हवं. बायकांच्या विनोदाबद्दल या माणसाचं मन फार मोठं नव्हतं.

विनोदी कलावती जोन रिव्हर्सचं प्रकरण आलं की मला त्याच्या गप्प बसण्याची भीती वाटते. १९६५ मध्ये ती पहिल्यांदा आली, तेव्हा हसून हसून डोळे पुसत त्याने तिला भर कार्यक्रमात सांगितलं, तू मोठी होणार. झालीही. १९८३ पासून तो सुट्टीवर असला की त्याच्या खुर्चीत तीच. १९८६ मध्ये फॉक्स या नव्या वाहिनीने तिला रात्रीचा स्वतःचा कार्यक्रम दिला. कार्सनला ही बातमी तिच्याआधी दुसऱ्यांकडून कळली. तिने फोन केला, त्याने ठेवून दिला. तिने सांगायला उशीर केला, असं त्याचे लोक म्हणतात. बाकीच्या पुरुषांनी त्याच्यासमोर कार्यक्रम सुरू केले तेव्हा कुठे एवढा राग आला, असं ती म्हणायची, आणि मला तिचं पटतं. त्यानंतर मरेपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. कार्यक्रमाची दारंही बंद. ती पुन्हा तिथे आली २०१४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. एवढ्या प्रेमाने परक्याच्या बोलण्याला जागा करून देणाऱ्या माणसाने तीच जागा शिक्षा म्हणून वापरावी! पण हत्यार तेच होतं, हे नाकारता येत नाही.

घरातही तो असाच असावा. चार लग्नं. पहिल्या तिघींची नावं जोडी, जोआन, जोआना; पोटगीवर त्याने पडद्यावर हवे तेवढे विनोद केले. पार्टीत कोपरा धरून उभा राहायचा, म्हणे. अनोळखी माणसांत त्याला पत्त्यांचा आधार लागायचा. १९९१ च्या जूनमध्ये त्याचा मधला मुलगा रिचर्ड, छायाचित्रकार, गाडी दरीत कोसळून गेला. काही आठवड्यांनी कार्सन परतला, आणि एका कार्यक्रमाच्या शेवटी त्याने मुलाबद्दल थोडं बोलून त्याने काढलेली निसर्गचित्रं दाखवली. फ्रेड डी कॉर्डोव्हा या निर्मात्याने वेळ संपत आल्याची खूण केली आणि त्या कारणावरून कार्सनने त्याला पुन्हा सेटवर येऊ दिलं नाही, असं नंतर छापून आलं. ती चित्रं मी पाहिली. समुद्र, पानं, प्रकाश. बाप ती दाखवतो तेव्हा नेहमीचं टाय चाचपणं वगैरे काहीच नाही.

पुढच्या मे महिन्यात त्याने कार्यक्रम सोडला. शेवटून दुसऱ्या रात्री बेट मिडलर त्याच्यासाठी गायली आणि त्याचे डोळे भरून आले. शेवटच्या रात्री पाहुणे नाहीत, स्टुलावर बसलेला तो, आणि पडद्यासमोर पाचएक कोटी अमेरिकन. पुढे काय, असं सगळ्यांना वाटत होतं. पुढे काहीच नाही. आत्मचरित्र नाही, पुनरागमन नाही. मालिबूचं घर, नौका, ड्रम, दुर्बीण, आफ्रिकेच्या फेऱ्या. त्यासाठी तो स्वाहिली शिकला. १९९४ मध्ये डेव्हिड लेटरमन या रात्रीच्याच दुसऱ्या सूत्रधाराच्या कार्यक्रमात अवचित आला, प्रेक्षक उभे राहिले, तो लेटरमनच्या खुर्चीत बसला, टाळ्या थांबेनात, तो उठून निघून गेला. एकही वाक्य नाही. टीव्हीवरचं त्याचं ते शेवटचं दर्शन.

'टुनाइट' लेटरमनला मिळावा असं त्याला वाटायचं, मिळाला तो जे लेनोला. लेटरमन सीबीएसवर गेला. तिथे तो रोज काय करतो, हे कार्सन बघत असे. सकाळी वर्तमानपत्र वाचताना हात शिवशिवायचे. सुचलेले विनोद तो लेटरमनकडे पाठवून द्यायचा आणि वापरले गेले की खूश व्हायचा. पीटर लसॅली या दोघांच्या जुन्या निर्मात्याने ही गोष्ट २००५ च्या जानेवारीत उघड केली. त्यानंतर काही दिवसांतच, २३ तारखेला, कार्सन एम्फिसीमा या फुफ्फुसाच्या आजाराने गेला, आयुष्यभराच्या सिगरेटी. ३१ तारखेला लेटरमनने सुरुवातीचे सगळे विनोद कार्सनने पाठवलेलेच वापरले आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्टुडिओतले लोक नेहमीसारखे हसले. आपण कुणाचं लिहिलेलं ऐकलं, हे त्यांना लेटरमन टेबलाशी येऊन बसल्यावर कळलं.